पाय न टेकता

आमच्या साताऱ्यातल्या पेठेच्या गणपतीत दोन स्पर्धा ठरलेल्या असत. एक लिंबू-चमचा, दुसरी स्लो सायकल. दुसरीचा कायदा उफराटा होता, शेवटी पोहोचेल तो पहिला. फक्कीने आखलेल्या दोन रेघांच्या मधून सायकल न्यायची. पाय टेकला की बाद, रेघ ओलांडली की बाद, जागेवर थांबलं की बाद. एरवी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत ब्रेकला हात न लावता सुटणारी पोरं इथे जीभ दातांत धरून इंचाइंचाने सरकत आणि बहुतेक जण पहिल्या दहा फुटांतच आटपत. मीही त्यांतलाच. पुढे लूना, मग एम-८०, मग बुलेट असं करत तीसेक वर्षं दुचाकी चालवली आणि आपल्याला गाडी चालवता येते या समजुतीत सुखाने वावरलो. ती समजूत वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी यॉर्कशरमधल्या एका ओढ्यात बुडाली.

नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड लीड्सला. एका रविवारी डोंगरात पायपीट करत होतो. झिमझिम पाऊस, शेवाळलेले दगड, गुडघाभर पाण्याचा ओढा. त्या ओढ्यातून एक मोटरसायकल वर येत होती. मोटरसायकल म्हणायची ती केवळ दोन चाकं आणि इंजिन होतं म्हणून. तिला सीटच नव्हतं. चालवणारा सरळ उभा, हेल्मेटखालून पांढरी दाढी बाहेर आलेली. वेग इतका कमी, की काठाने चालणारा मी पुढे गेलो असतो. एका मोठ्या धोंड्यापाशी तो क्षणभर घुटमळल्यासारखा झाला, गाडीने पुढचं चाक उचललं, इंजिन एकदाच खाकरलं आणि गाडी वर. काठावर घडीच्या खुर्चीत एक बाई छत्री खांद्यावर अडकवून बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरच्या कागदावर एक शून्य काढलं आणि मोठ्याने शाबासकी दिली. शून्याला शाबासकी! मी तिथेच थांबलो. पुढचा तासभर हललो नाही. ही तर आपली स्लो सायकल होती, फक्त फक्कीच्या रेघांच्या जागी झाडांना बांधलेल्या फिती होत्या.

या खेळाचं नाव ट्रायल्स. कोर्टातल्या ट्रायलशी त्याचा संबंध नाही. चाचणी, कसोटी या अर्थाचा तो शब्द आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटरसायकल हे भरवशाचं वाहन नव्हतं. चढ आला की दम तोडायची, चिखलात रुतायची. ती खरोखर कुठवर जाते हे दाखवायला ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या चाचण्या निघाल्या आणि वाटेतल्या कठीण चढांवर निरीक्षक उभे केले गेले. स्वार थांबला का, त्याने पाय टेकला का, एवढंच त्यांनी पाहायचं. रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, चाचणीची गरज संपली, पण निरीक्षक आणि चढ उरले. त्यांचाच खेळ झाला. यॉर्कशरमधली स्कॉट ट्रायल ही स्पर्धा १९१४ साली स्कॉट मोटरसायकल कंपनीच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी आपल्या कामगारांसाठी सुरू केली. त्याआधी, १९०९ मध्ये, स्कॉटलंडात पाच दिवसांची स्पर्धा झाली, दोन वर्षांनी ती सहा दिवसांची झाली. 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही या खेळाची पंढरी. दर मे महिन्यात फोर्ट विल्यम या गावी, बेन नेव्हिस डोंगराच्या पायथ्याशी, अडीचशेहून अधिक स्वार जमतात आणि सहा दिवस रोज तीसच्या आसपास अवघड टप्पे पार करत हिंडतात.

गुण देण्याची पद्धत चहाच्या टपरीवर सांगता येईल इतकी सोपी आहे. अवघड जागेचा एक तुकडा फितींनी आणि खुणांनी आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणायचं. पुढच्या चाकाचा आस सुरुवातीची खूण ओलांडतो तिथून मोजणी सुरू, आणि तोच आस शेवटची खूण ओलांडतो तिथे संपली. पाय एकदाही टेकला नाही तर शून्य. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात, फितीबाहेर गेलात, अडकून बसलात तर पाच. दिवसाच्या शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. आपल्याकडे पाय जमिनीवर असणं हा सद्गुण. इथे त्याचा दंड पडतो. या हिशेबातली गंमत तीनच्या आकड्यात आहे. तिसऱ्यांदा पाय टेकला की पुढचे सगळे पाय फुकट. म्हणून दोनदा टेकेपर्यंत जिवाचा आटापिटा करणारा स्वार तिसऱ्यानंतर एकदम निर्लज्ज होतो आणि बदकासारखे पाय मारत, लाज सोडून, शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचतो. पाचापेक्षा तीन बरे. माझ्या पहिल्या वर्षाच्या कागदावर या तिनांची रांग लागलेली आहे.

मी या खेळाच्या क्लबात दाखल झाल्याचं ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुझ्या वयाची माणसं गुडघे बदलून घेतात, आणि तू ते फोडून घ्यायला निघालास?" तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी गाडीबद्दल सांगावं लागेल.

ट्रायल्सची गाडी साधारण सत्तर किलोची असते. आपली ओळखीची बुलेट एकशे नव्वदच्या आसपास. हा नुसता वजनातला फरक नाही. बुलेटवर बसलेला माणूस गाडीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. गाडी ठरवेल तसं त्याला झुकावं लागतं. ट्रायल्सच्या गाडीवर उभा राहिलेला खात्यापित्या घरचा मध्यमवयीन माणूस गाडीपेक्षा जड असतो. त्याने कंबर वीतभर डावीकडे नेली तर गाडीला ते कळतं. सीट काढून टाकलेलं असतं ते यासाठीच: बसायचं नसतं, आणि कंबर फिरवायला जागा लागते. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. पाय ठेवायच्या खुंट्या खाली आणि मागे. हँडल रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वळतं. क्लच इतका हलका, की एकट्या तर्जनीने दाबायचा. उरलेली बोटं हँडल धरायला. इंजिन बहुधा टू-स्ट्रोक, सव्वाशे ते तीनशे सीसीचं. सव्वाशेची घ्यावी की अडीचशेची, यावर क्लबातले लोक तासन् तास बोलू शकतात. माझं मत विचाराल तर उशिरा शिकणाऱ्याने अडीचशेच घ्यावी, कारण कमी रेसवर ती शांतपणे ओढते आणि पुन्हा पुन्हा क्लचशी झटापट करावी लागत नाही.

टायरची गोष्ट मात्र मला आजही नवलाची वाटते. आपल्या रस्त्यावरच्या दुचाकीत तीसच्या आसपास पीएसआय हवा असते. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये चार ते पाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पंक्चर आहे, आणि मी तसं सांगायलाही गेलो. इतकी कमी हवा असली की टायर दगडावर नुसता टेकत नाही, दगडाला पंजासारखा धरतो. तीच गाडी, तेवढंच वजन. पण हवेचा दाब सहा-सात पटींनी उतरला की तेवढं वजन पेलायला टायरला कितीतरी मोठा तळवा जमिनीवर पसरावा लागतो. ओल्या दगडावर जो माणूस बुटाने घसरतो तिथे ही गाडी चढते, याचं निम्मं गुपित त्या अर्धवट फुग्यात आहे.

उरलेलं निम्मं माणसात. आणि इथेच माझी तीस वर्षांची समजूत बुडाली.

चालती दुचाकी का पडत नाही? पुष्कळ जण चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याकडे बोट दाखवतात. त्याचा वाटा असतो, पण तोच एकमेव आधार नाही. २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात संशोधकांनी अशी एक सायकल मांडली, जिच्यात चाकांच्या फिरण्याचा हा परिणाम उलट्या फिरणाऱ्या जादा चाकांनी पुसून टाकला होता. तरीही माणसाशिवाय ढकलून दिल्यावर ती स्वतःला सावरत गेली. मुद्दा साधा आहे. दुचाकी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळलं, की चाकं धावत जाऊन पडणाऱ्या वजनाच्या खाली पोहोचतात. आपण तळहातावर काठी उभी धरतो तेव्हा हात जे करतो, तेच चाकं करतात. पण चाकांना बाजूला सरकायला पुढे जावं लागतं. वेग असला तर हँडलचा जेमतेम जाणवेल इतका हिसका पुरतो. वेग निम्मा केला की तेवढ्याच सावरण्याला हँडल दुपटीहून जास्त वळवावं लागतं. चालण्याच्या वेगाला ते दोन्हीकडे भेलकांडू लागतं. आणखी हळू गेलं की हँडल संपतं आणि उरतं ते आपलं शरीर. स्लो सायकलच्या स्पर्धेत दहा फुटांत आटपणारी पोरं नेमकी इथे आटपत होती.

म्हणजे इतकी वर्षं गाडी मी सावरत नव्हतो, वेग सावरत होता. वेग संपायच्या आत मी काय करत होतो? पाय काढत होतो. पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून पाहा. वीस-पंचवीस फूट आधीच गाड्यांच्या दोन्ही बाजूंनी पाय वल्ह्यांसारखे बाहेर येतात. ही चूक नाही, शहाणपण आहे. दोनशे किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की पायाने सावरत नाही, म्हणून आधीच पाय तयार ठेवायचा. पण ती सवय इतकी खोल मुरते की मेंदूला विचारतही नाही. पहिल्या दिवशी मला शिकवणाऱ्या सत्तरीच्या आजोबांनी शेतातल्या सपाट गवतावर चार दगड मांडले आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायला सांगितलं. सपाट गवत! पहिल्या वळणालाच माझा डावा पाय आपोआप बाहेर. पुन्हा. पुन्हा. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या बुटाच्या आणि खुंटीच्या मध्ये एक वाळकं पान ठेवलं आणि म्हणाले, ते पडू द्यायचं नाही. त्या दिवशी निम्मी सकाळ पानं वेचण्यात गेली.

हळू वळणाचं तंत्र रस्त्यावरच्या तंत्राच्या बरोबर उलटं आहे. वेगात वळताना गाडीबरोबर आपणही आत झुकतो. इथे गाडी आत झुकवायची आणि स्वतः बाहेर राहायचं. भार बाहेरच्या खुंटीवर, कंबर बाहेर, बाहेरचा कोपर वर, आतला हात लांब. गाडी आणि माणूस मिळून वजनाचा तोल टायरच्या बरोबर वर राहतो, म्हणून जवळजवळ वेगाशिवायही हे जमतं. आणि नजर पुढच्या चाकावर नाही, वळण संपतं तिथे. हे सांगायला सोपं, करायला महाकठीण, कारण पुढच्या चाकाखाली शेवाळलेला दगड असताना त्याच्याकडे न पाहणं हे अंधारात जिना उतरण्यासारखं आहे. पण चाकाकडे पाहिलं की चाक तिथेच जातं, हा अनुभव प्रत्येकाला दहा-वीस वेळा आपटून घ्यावा लागतो.

जागच्या जागी उभं राहण्याचीही एक युक्ती आहे. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, पुढचा ब्रेक धरायचा, शक्यतो किंचित चढाकडे तोंड करायचं. चाक वळलेलं असल्यामुळे गाडी तसूभर पुढे गेली की आधार एका बाजूला सरकतो, मागे आली की दुसऱ्या बाजूला. पुढे-मागे करण्याचं डावं-उजवं होतं. मी आता बऱ्या दिवशी दहा सेकंद उभा राहतो. कॅटलोनियाचा टोनी बोऊ, जो २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही जगज्जेतेपदं जिंकत आला, तो अशा अवस्थेत उभा राहून पुढचा विचार करतो, मग गाडीसकट उडी मारून बाजूच्या धोंड्यावर जातो. या उड्या मारण्याच्या कलेत अमेरिकेचा बर्नी श्रायबर हा आद्य मानला जातो. तो १९७९ चा जगज्जेता. त्या वाटेला मी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. पन्नाशीत शिकायला लागलेला माणूस त्या उड्यांपर्यंत पोहोचत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मग उशिरा आलेल्याला काय मिळतं? या खेळाची मांडणी त्याच्या बाजूने आहे. एकाच ओढ्यात वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी वेगवेगळे मार्ग आखलेले असतात. तज्ज्ञाला धोंड्यावरून, मधल्याला धोंड्याला वळसा घालून, नवख्याला कडेच्या खडीतून. जागा तीच, निरीक्षक तोच, वाट आपापल्या ऐपतीची. बऱ्याच क्लबांत चाळिशीच्या आणि पन्नाशीच्या पुढच्यांचे वेगळे गट असतात, जुन्या गाड्यांचे वेगळे. फोर्ट विल्यमच्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर शेजारच्या किनलॉकलेव्हन गावात १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांची दोन दिवसांची ट्रायल होते. तिथे केस पिकलेल्यांची वाण नसते.

आणखी एक गोष्ट वयाच्या बाजूची आहे. सेक्शनमध्ये गाडी घालण्याआधी तो पायी फिरून पाहायचा असतो. तरुण पोरं घाईने एक चक्कर मारतात. म्हातारी मंडळी दगड बुटाने हलवून पाहतात, पाण्याखाली काय आहे ते काठीने चाचपतात, आधीच्या चार जणांची चाकं कुठे घसरली ते बघत उभी राहतात, आणि या मुळापासून त्या दगडापर्यंत अशी मनात रेघ ओढून घेतात. तिथे वेगवान प्रतिक्रिया उपयोगी पडत नाही. चाळीस वर्षं कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि सासर-माहेरची मनं सांभाळलेल्या माणसाला 'आधी बघू, मग पाऊल टाकू' हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शरीराचं मात्र खोटं बोलून चालणार नाही. तोल हा तीन जागांहून येणाऱ्या खबरींवर चालतो: कानाच्या आतला तोलाचा अवयव, डोळे, आणि पायाचे तळवे, घोटे, सांधे यांतून येणारी जाणीव. वयानुसार तिन्ही खबरी थोड्या उशिरा आणि थोड्या अस्पष्ट येतात. झटकन जोर लावणारे स्नायू आधी ओसरतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयोगटातल्या १,७०२ जणांना आधाराशिवाय एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं, तेव्हा पाचातल्या एकाला ते जमलं नाही. आणि पुढच्या काही वर्षांत न जमलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. २०२२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा मी ओट्यापाशी चहा उकळेपर्यंत एका पायावर उभा राहू लागलो. याचा अर्थ एका पायावर उभं राहिल्याने माणूस अमर होतो असा नाही. तोल हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे, इतकंच. उलट बाजूलाही पुरावा आहे. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं, तेव्हा हालचाल टिपणाऱ्या मेंदूच्या भागात मोजता येईल असा बदल दिसला, असं २००८ सालचा एक अभ्यास सांगतो. विशीतल्यांइतकं ते सफाईने शिकले नाहीत. पण शिकले.

पडण्याबद्दल. या खेळात माणूस वेगाने पडत नाही, पण दगडावर पडतो. मनगट, घोटा, बरगडी ही नेहमीची गिऱ्हाइकं. जाड बूट, गुडघ्याची ढाल, हातमोजे आणि हेल्मेट यांत काटकसर करू नये. मनगटाला बांधलेली एक दोरी गाडीवरच्या चुंबकी बटणाला जोडलेली असते. माणूस गाडीपासून दूर गेला की चुंबक सुटतो आणि इंजिन बंद. हे सगळं पैसे टाकून मिळतं. पैसे टाकून न मिळणारी गोष्ट म्हणजे गाडी सोडून द्यायची अक्कल. चढावर चाक उधळलं की गाडी धरून ठेवायची नाही, मागच्या बाजूने खाली उतरायचं आणि तिला जाऊ द्यायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. दसऱ्याला जिला झेंडूचा हार घालायचा, जिच्यापुढे नारळ फोडायचा, तिला दगडावर टाकून आपण बाजूला व्हायचं? पहिल्या हिवाळ्यात मी गाडी वाचवायला गेलो आणि बरगडी दुखावून घेतली. महिनाभर शिंक येऊ नये म्हणून देवाला साकडं. गाडीला ओरखडाही आला नव्हता. तिची बांधणीच पडण्यासाठी असते, माझी नव्हती.

दुसरा त्रास हाताचा. क्लच-ब्रेकवर बोटं आणि हँडलवर घट्ट मूठ, यांनी कोपराखालचा हात दगडासारखा घट्ट होतो आणि मग बोटं ऐकत नाहीत. त्यावर औषध एकच, मूठ सैल सोडून भार पायांवर घेणं. पहिल्या महिन्यांत पंधरा-वीस मिनिटांहून जास्त सलग सराव करू नये. मी करायचो. विसाव्या मिनिटानंतर जे केलं त्यातलं काही लक्षात राहिलं नाही, डागण्या मात्र राहिल्या.

आता बुलेटची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख मला संपवता येणार नाही. क्लबातल्या एका सद्गृहस्थांना माझी जुनी गाडी बुलेट होती हे कळलं तेव्हा त्यांनी मला जवळजवळ आलिंगन दिलं. मला वाटलं हौशी असतील. पण बुलेटचं आणि या खेळाचं नातं रक्ताचं आहे. १९४८ साली इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफील्ड कंपनीने नव्या बुलेटचे नमुने लोकांसमोर आणले ते कुठल्या प्रदर्शनात नव्हे, तर कोलमोर कप नावाच्या ट्रायलमध्ये. त्या काळी ट्रायल्सच्या गाडीला मागे स्प्रिंग असू नये अशी पक्की समजूत होती; मागचं चाक चौकटीला ताठ बांधलेलं असेल तरच पकड मिळते, असं जाणते सांगत. बुलेटचं मागचं चाक मात्र हलत्या दांड्यावर, दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरांवर टांगलेलं होतं. लोक हसले असतील. मग १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन हा तरुण त्याच बांधणीच्या साडेतीनशे सीसी बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकला, आणि १९५७ मध्ये पुन्हा. त्याच्या गाडीचा नंबर, एचएनपी ३३१, इथल्या जुन्या मंडळींना आपल्या लग्नाच्या तारखेसारखा पाठ असतो. हलतं चाक दगडाला जास्त वेळ चिकटून राहतं, हे सिद्ध झालं. त्या बुलेटची जुळणी १९५५ पासून मद्रासला सुरू झाली आणि पुढे ती आपल्या पोलिसांची, फौजींची, दूधवाल्यांची आणि कॉलेजकुमारांची झाली. २०१९ मध्ये रॉयल एनफील्डने भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी काढली ती जॉनी ब्रिटनच्या आठवणीखातर. साताऱ्याच्या खड्ड्यांत ज्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरांनी माझा कणा वाचवला, त्यांची परीक्षा स्कॉटलंडच्या ओढ्यात झालेली होती हे मला पन्नाशीत कळलं.

ब्रिटिश गाड्यांचा तो जमाना मोडला तोही एका माणसाने. बेलफास्टचा सॅमी मिलर १९५९ पासून १९६९ पर्यंत सलग अकरा वर्षं ब्रिटनचा विजेता होता. सुरुवात एरियलच्या जड फोर-स्ट्रोक गाडीवर. मग तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला, त्यांच्यासाठी हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली आणि १९६५ ची स्कॉटिश त्यावरच जिंकला. तेव्हापासून या खेळाचं इंजिन कॅटलोनियात हललं. तिथेच पेरे पी नावाच्या मोंतेसा कंपनीच्या माणसाने आपल्या पोरासाठी बिनइंजिनाची, म्हणजे सायकलची ट्रायल रचली. जगभर आज जी सायकल ट्रायल्स दिसते, दगडावरून दगडावर उड्या मारणारी, तिच्या उगमांतला हा एक मोठा. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा डॅनी मॅकअस्किल २००९ च्या एका चित्रफितीने घराघरांत पोहोचला तो याच परंपरेतला.

महाराष्ट्रात राहून हे करायचं म्हटलं तर गाडीची पंचाईत आहे. आपल्या शोरूममध्ये ट्रायल्सची गाडी मिळत नाही, परदेशातून आणवणं खिशाला परवडत नाही. काळा कातळ मात्र इतका आहे, की इंग्रज स्वार तो पाहून वेडे होतील. (गडकोटांवर नको. तिथले दगड आधीच पुष्कळ सोसून बसलेत.) पण तोल शिकायला गाडी लागत नाही. सीट खाली केलेली साधी सायकल, सपाट मैदान, चार विटा. आधी विटांभोवती आठचा आकडा, मग विटा जवळ, मग आणखी हळू. बुटाखाली पान ठेवायला विसरू नका.

एक वाद सांगायचा राहिला. सेक्शनमध्ये थांबायला परवानगी असावी की नसावी, यावर या खेळात भाऊबंदकी आहे. जुना नियम: पुढे जाणं थांबलं की पाच. मग उड्या मारणाऱ्यांच्या काळात थांबणं मान्य झालं, आणि खेळ सर्कशीकडे झुकला असं जुने म्हणू लागले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने जागतिक स्पर्धेत पुन्हा न थांबण्याचा नियम आणला, तेव्हा उड्यावाले चिडले. आमच्या क्लबात न थांबण्याचाच नियम आहे. मी मात्र चोरून थांबायला शिकत होतो, आणि ते दहा सेकंद मला फार प्रिय झाले होते.

गेल्या गणपतीत साताऱ्याला गेलो. पेठेच्या मंडळात अजून स्लो सायकल होते. मोठ्यांचा गट नव्याने काढला होता. भाच्याची सायकल घेतली, सीट खाली केलं. शिट्टी वाजली. डावीउजवीकडचे चार जण दहा फुटांत आटपले. पाचवी एक शाळकरी मुलगी, मोठ्यांत माणसं कमी पडली म्हणून घेतलेली, रेघेला समांतर मुंगीच्या चालीने निघाली. मी मनाशी हसलो, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, पुढचा ब्रेक धरला आणि उभा राहिलो. एक, दोन, तीन सेकंद. चार. पेठेत शांतता. ताई गच्चीतून बघत होती. सात. आठ.

मंडळाचा कार्यकर्ता माईकमध्ये म्हणाला, "काका, तुम्ही थांबलात. बाद."